घोड्याच्या एक्स-रेवर दुसरं मत घ्यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर फोटो येतो. खिडकीच्या काचेवर धरलेली फिल्म, तिच्यावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. खाली तीन शब्द: "सर, काय वाटतं?" सारंगखेड्याचा घोडेबाजार उठला की असे फोटो वाढतात, लग्नसराईत आणखी वाढतात. माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: एवढ्यावरून काही वाटत नाही. हे उत्तर देताना मलाही बरं वाटत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एका जागी लिहून ठेवतोय.

दुसरं मत कधी घ्यावं?

निर्णय मोठा असेल तेव्हा. ऑपरेशन सुचवलंय, सहा महिने बांधून ठेवायला सांगितलंय, "आता हा घोडा कामाचा नाही" असं कुणी म्हटलंय, किंवा मोठी रक्कम मोजून घोडा घ्यायचा आहे. दुसरं कारण म्हणजे रिपोर्ट आणि घोडा यांचं जुळत नसेल तेव्हा. रिपोर्टमध्ये फेटलॉकचा, म्हणजे खुराच्या वरच्या पहिल्या मोठ्या सांध्याचा संधिवात लिहिलाय, पण तो सांधा वाकवला तर घोडा हूं की चूं करत नाही. किंवा सांगितलेले उपचार सांगितलेल्या मुदतीत नीट करूनही लंगडणं जसंच्या तसं आहे. अशा वेळी जरूर विचारा. काल पाय मुरगळला आणि आज सूज उतरतेय, एवढ्यासाठी दुसऱ्या मताचा खर्च करू नका.

कधी थांबू नये?

घोडा पाय टेकवतच नसेल, सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर, तेलकट पाणी येत असेल, किंवा पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, भार मागे टाकून जागचा हलायला तयार नसेल, तर कुणाच्या मताची वाट पाहू नका. सांध्यात जंतू गेले तर हिशेब तासांचा असतो, आणि त्या वेळी काढलेला एक्स-रे अगदी स्वच्छ दिसू शकतो. स्वच्छ एक्स-रे पाहून निर्धास्त झालेल्या मालकांचे घोडे मी नंतर पाहिले आहेत.

खुरात खिळा रुतला असेल तर हात शिवशिवतात, पण डॉक्टर लवकर पोहोचणार असतील तर तो उपटू नका. बाजूला लाकडाचे तुकडे बांधून तो आणखी आत जाणार नाही एवढं बघा. खिळ्यासकट एक्स-रे काढला की तो कोणत्या दिशेनं आणि कुठवर गेलाय ते दिसतं. उपटल्यावर खुराचा रबरासारखा भाग ती वाट मिटवून टाकतो आणि मग अंदाजच उरतात. धनुर्वाताच्या लसीचंही विचारा. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर क्वचितच असेल.

पहिल्या डॉक्टरांना राग येणार नाही का?

काहींना येतो. जाणत्यांना येत नाही. ते स्वतःच अवघड फिल्म चार जणांना दाखवत असतात. लपवून विचारू नका, एवढं पाळा. "डॉक्टर, घोडा महागाचा आहे, मला आणखी एकदा खात्री करून घ्यायची आहे, मूळ फाइल्स मिळतील का?" असं सरळ विचारलं की बहुतेक जण देतात, शिवाय आपल्या नोंदीही देतात. आणि त्या नोंदी फिल्मपेक्षा मोलाच्या निघतात, ते पुढे येईलच. उपचार शेवटी त्याच डॉक्टरांनी करायचे असतात, त्यामुळे दुसरं मत त्यांच्या हाती पोहोचायलाच हवं.

कुणाला विचारायचं?

प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. "फिल्ममध्ये नेमकं काय दिसतंय?" हा प्रश्न रेडिओलॉजिस्टचा. "दिसतंय त्याचं करायचं काय?" हा प्रश्न घोड्यांच्या सर्जनचा, किंवा रोज घोडेच पाहणाऱ्या डॉक्टरचा. गायी-म्हशी उत्तम पाहणारा डॉक्टर वर्षाकाठी दोन घोडे पाहत असेल तर त्यात त्याचा दोष नाही, पण घोड्याच्या खुराचा एक्स-रे हे वेगळंच शास्त्र आहे.

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत: परळचं, जे १८८६ पासून चालू आहे, आणि नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथली. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सभोवती फक्त घोड्यांचंच काम करणारे डॉक्टर सापडतात. राज्याबाहेर हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, लुधियानात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. परदेशातल्या रेडिओलॉजिस्टकडूनही ऑनलाइन वाचन करून घेता येतं. अमेरिकेत आणि युरोपात या विषयाची स्वतंत्र तज्ज्ञ-पदवी असते, नावापुढे ती आहे का ते पाहा. तिथून येतो तो सल्ला. औषध लिहायचं आणि सुई टोचायची ती इथल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच.

फी आधीच विचारून घ्या, आणि ती पूर्ण पायाची की एका सांध्याची, हेही विचारा. परदेशी वाचनाचं बिल सांध्यागणिक वाढू शकतं.

काय काय पाठवायचं?

सगळ्यात आधी प्रश्न. खरंच. "घोडा लंगडतोय, बघा" हा प्रश्न नाही. "सहा वर्षांची मारवाडी घोडी, वरातीत नाचते, तीन आठवड्यांपासून डावा पुढचा पाय धरते, कडक जमिनीवर आणि डाव्या गोलात जास्त. टाचेच्या नसा बधिर केल्यावर लंगडणं जवळजवळ थांबलं. या फिल्ममध्ये टाचेच्या भागात कारण दिसतं का?" हा प्रश्न. असा मजकूर आला की वाचणाऱ्याचे डोळे नेमके कुठे जायला हवेत तिथे जातात.

मग मूळ डायकॉम फाइल्स, म्हणजे एक्स-रेच्या यंत्रातून थेट निघणाऱ्या, एकूण एक. चांगल्या वाटलेल्या तीन निवडून पाठवू नका; तुम्ही गाळलेल्या चौथ्यातच गोम असते. दुखऱ्या पायासोबत चांगल्या पायाच्याही फिल्म असाव्यात. प्रत्येक घोड्याची ठेवण निराळी, आणि त्या घोड्यासाठी नॉर्मल काय हे त्याचा दुसरा पायच सांगतो. जुन्या फिल्म असतील तर त्या, पहिला रिपोर्ट, नाल शेवटची कधी मारली, कोणती औषधं चालू आहेत, सांध्यात आधी कधी इंजेक्शन दिलंय का. वेदनाशामक चालू असेल तर ते लपवू नका. आणि ते कोणतं हेही बघा: डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत होती, तरी तबेल्याच्या कपाटात अजून सापडतं.

पहिला रिपोर्ट पाठवावा की नाही यावर मतभेद आहेत. आधी तो वाचला की डोळा त्याच वाटेनं जातो, असं काही जण म्हणतात. मी स्वतः आधी फिल्म पाहतो, माझं मत लिहितो, मग रिपोर्ट उघडतो. तुम्ही मात्र तो पाठवाच.

व्हॉट्सॲपवर पाठवलं तर काय बिघडतं?

फोटो म्हणून पाठवलात तर ॲप चित्र दाबून लहान करतं, आणि केसासारखी बारीक चीर त्या दाबण्यातच पुसली जाते. स्क्रीनचा मोबाइलनं फोटो काढला तर जाळी उमटते ती वेगळीच. डायकॉम फाइलमध्ये उजेड-अंधार कमी-जास्त करून हाडाची कड आणि तिच्याबाहेरचं मऊ मांस दोन्ही पाहता येतं. फोटोत त्यातलं एकच उरतं. फाइल्स झिप करून ड्राइव्हवर ठेवा आणि लिंक पाठवा. यंत्रवाल्याला "पेनड्राइव्हवर डायकॉम द्या" एवढं म्हटलं तरी त्याला कळतं.

जुन्या पद्धतीची फिल्म असेल तर ती कुरियरनं पाठवणं उत्तम. ते जमत नसेल तर लाइट बॉक्सवर लावून, खोली अंधारी करून, समोरून सरळ फोटो घ्या आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

व्हिडिओ कसा काढायचा?

डांबरी किंवा फरसबंद सपाट जागा. घोड्याला दुडक्या चालीनं पन्नास पावलं दूर न्यायचं आणि परत आणायचं, म्हणजे मागून आणि पुढून दिसतो, मग बाजूनं. नंतर लाँजवर, म्हणजे लांब दोरावर, दोन्ही हातांना गोल, जमल्यास एकदा कडक आणि एकदा मऊ जमिनीवर. मोबाइल आडवा धरा. मोतद्दारानं दोर सैल सोडायचा, कारण मान आवळून धरली की घोड्याला ती हलवताच येत नाही, आणि पुढच्या पायाचं लंगडणं मानेतच वाचायचं असतं: दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली सोडतो. मागच्या पायासाठी पुठ्ठ्याच्या, म्हणजे कमरेमागच्या हाडांकडे बघायचं, कोणती बाजू जास्त वरखाली होते ते. घोडा खोडकर आहे म्हणून आधी गुंगीचं इंजेक्शन देऊन काढलेला व्हिडिओ मला उपयोगाचा नाही.

नसा बधिर करून केलेल्या तपासणीला एवढं महत्त्व का?

कारण एक्स-रे जे दाखवतो ते दुखतंच असेल असं नाही. दहा-बारा वर्षांच्या, काम केलेल्या घोड्याच्या कुठल्याही सांध्याची फिल्म काढा, काहीतरी सापडेलच. पाठीच्या मणक्यांचे वरचे कोंब एकमेकांना टेकलेले असूनही घोडे मजेत रपेट करतात. नस बधिर केल्यावर लंगडणं थांबलं, तर दुखणं त्या पातळीच्या खाली आहे हे घोडा स्वतः सांगतो. मग फिल्म त्या जागेची बघायची.

बारामतीकडची एक घोडी आठवते. नेव्हिक्युलर हाडाच्या, म्हणजे खुराच्या आत टाचेकडे असलेल्या होडीच्या आकाराच्या छोट्या हाडाच्या, खालच्या कडेवर "छिद्रं" दिसली म्हणून तिला निकामी ठरवलं होतं. मालक तिला विकायला निघाला होता. नस बधिर करून पाहिलेलीच नव्हती. टाचेच्या नसा बधिर केल्या, काहीही फरक नाही. फेटलॉकपर्यंत केल्या, तरी नाही. नळीच्या, म्हणजे फेटलॉकच्या वरच्या लांब हाडाच्या, वरच्या टोकाशी भूल दिली आणि घोडी सरळ चालली. सोनोग्राफीत सस्पेन्सरी लिगामेंट, नळीच्या मागचा आधाराचा पट्टा, वरच्या बाजूला दुखावलेला दिसला. आणि ती छिद्रं? त्या हाडाच्या खालच्या कडेला अशा लहान खाचा निरोगी घोड्यांतही असतात. त्या किती, केवढ्या आणि कोणत्या आकाराच्या यावर त्यांचा अर्थ ठरतो, आणि तिथे अनुभवी वाचकांचंही एकमत होत नाही.

पण एक्स-रे तर एक्स-रेच! त्यात चूक कशी होईल?

एक्स-रे ही सावली आहे. दिवा तिरका धरला की सावली तिरकी पडते. घोड्यानं पायावर नीट भार दिला नसेल तर सांध्यातली फट खोटी रुंद किंवा अरुंद दिसते. खुराच्या मोजमापासाठी दोन्ही पाय सारख्या उंचीच्या ठोकळ्यांवर हवेत; एकच पाय ठोकळ्यावर ठेवून काढलेल्या फिल्मवर कोन मोजणं म्हणजे उतारावर उभं राहून उंची मोजणं.

खूर न खरवडता, नाल न काढता काढलेली फिल्म ही माझी नेहमीची तक्रार. खुराच्या तळव्यावर बेचकीच्या, म्हणजे त्या रबरासारख्या त्रिकोणी भागाच्या, दोन्ही बाजूंना ज्या खोल फटी असतात त्यांतली हवा फिल्मवर काळी रेघ होऊन उतरते आणि हाडावरून गेली की थेट फ्रॅक्चर वाटते. उपाय साधा आहे: मुलांची खेळायची क्ले त्या फटींत घट्ट भरायची. रेघ हाडाच्या कडेबाहेरही चालू राहत असेल तर ती हवेचीच.

याखेरीज निसर्गानं ठेवलेले सापळे आहेतच. खुरातल्या हाडाच्या पुढच्या टोकाला कित्येक घोड्यांत जन्मजात खाच असते, ती हाड झिजल्यासारखी दिसते. रक्तवाहिनी हाडात शिरते ते भोक चिरेसारखं दिसतं. मागच्या पायातल्या फिब्युला या काडीसारख्या हाडात आडव्या रेघा असतात, कारण ते हाड अनेकदा पूर्ण जुळतच नाही; त्याला मोडलेलं समजून घोडे महिनोन्महिने बांधलेले आहेत. शिंगरांत तर वाढीच्या रेषा असतात. पुढच्या गुडघ्याच्या वरची रेषा साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत उघडी राहते. वय लिहिलं नाही तर वाचणारा चुकणारच.

आणि एक माणसाची चूक: डाव्या-उजव्याची अदलाबदल. फिल्मवर शिशाची खूण असायला हवी, आणि रीतीप्रमाणे ती पायाच्या बाहेरच्या किंवा पुढच्या बाजूला. खूण नसलेली फिल्म कोणत्या पायाची, हे घोडासुद्धा सांगू शकणार नाही.

म्हणूनच दुसरं मत म्हणून "या कोनातून पुन्हा काढा" एवढंच उत्तर आलं तर पैसे वाया गेले असं समजू नका. खुरासाठी बाजूची, समोरची, वरून तिरकी आणि टाचेमागून अशा किमान चार दिशा लागतात. दोनच असतील तर प्रामाणिक वाचक आणखी मागणारच.

एक्स-रे नॉर्मल आहे, तरी घोडा लंगडतो. म्हणजे काय?

दोन-तीन शक्यता. हाडातला ३० ते ५० टक्के खनिजांश गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर तो गेलेला कळत नाही. केसासारखी चीर पहिल्या दिवशी दिसत नाही. कडा थोड्या विरघळल्या की दहा-चौदा दिवसांनी दिसते. चिरेचा संशय असेल तर त्या मुदतीत घोडा मोकळा सोडू नका, मग फिल्म पुन्हा काढा. आणि कंडरा, लिगामेंट, कुर्चा हे एक्स-रेचे विषयच नव्हेत. तिथे सोनोग्राफी लागते, क्वचित एमआरआय.

सोनोग्राफीवरही दुसरं मत मिळतं का?

मिळतं, पण कच्चं. प्रोब ज्याच्या हातात त्यालाच खरं चित्र दिसतं. प्रोब जरा कलला की चांगल्या कंडरेत काळा डाग उमटतो. स्थिर चित्रांपेक्षा छोट्या क्लिप पाठवा, आडव्या आणि उभ्या दोन्ही छेदांच्या, प्रत्येकावर जागा लिहिलेली, दोन्ही पायांच्या. केस भादरलेले हवेत. नस बधिर केलेल्या दिवशीच त्याच जागेची सोनोग्राफी टाळा, सुईसोबत गेलेली हवा चित्र बिघडवते. माझा अनुभव असा की संशय उरत असेल तर दूरवरच्या मतापेक्षा दुसऱ्या जाणत्या हातानं पुन्हा सोनोग्राफी करणं सरस.

दोन डॉक्टरांची दोन मतं आली तर?

आधी नेमका फरक कुठे आहे ते बघा. "खाच दिसते" यावर दोघं सहमत असतील आणि तिच्या अर्थावरच वाद असेल, तर तिसरं वाचन फारसं कामाचं नाही. घोडा पुन्हा तपासून घ्या, नस बधिर करून. एकाला दिसतंय आणि दुसऱ्याला नाही, तर चांगली फिल्म काढा. दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. दहा मिनिटांत सुटलेले वाद मी पाहिलेत; त्यातल्या एकात तर दोघांकडे वेगवेगळ्या पायाच्या फिल्म होत्या.

बाजारात घोडा घेताना विक्रेत्यानं दाखवलेल्या फिल्मवर विसंबावं का?

सारंगखेडा काय, अकलूज काय, आपण अंगावरचे केसांचे भोवरे मोजतो, देवमण हा शुभ मानलेला भोवरा बघतो, पंचकल्याण, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं आहे का पाहतो, चाल बघतो. लाखांचा सौदा होतो आणि खूर उचलून बघायचं राहून जातं. भोवऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण फिल्म दाखवली जात असेल तर तिच्यावर घोड्याची ओळख आणि तारीख आहे का बघा. तारीख यंत्राच्या घड्याळातून येते. घड्याळ चुकलेलं असू शकतं आणि फिल्म दुसऱ्याच घोड्याची असू शकते. मोठा सौदा असेल तर आपल्या डॉक्टरकडून नवी फिल्म काढून घ्या, आणि त्याच घोड्यासाठी विक्रेत्याचं काम करणाऱ्या डॉक्टरला विचारू नका. घोडा घ्या किंवा घेऊ नका, असं मात्र कुठलाही रेडिओलॉजिस्ट सांगणार नाही. तो धोका किती ते सांगेल. तुम्हाला त्याच्यावर भीमथडी जातीच्या घोड्यासारखी डोंगरात रपेट करायची आहे की अंगणात शोभेला बांधायचा आहे, हे तुम्हालाच ठाऊक.

पुन्हापुन्हा एक्स-रे काढल्यानं घोड्याला अपाय होतो का?

पायाच्या फिल्मसाठी लागणारे किरण थोडे असतात, घोड्याची काळजी नको. काळजी प्लेट धरणाऱ्या मोतद्दाराची करा. तो दर आठवड्याला कुणाची ना कुणाची प्लेट धरतो, तीही उघड्या हातानं. शिशाचा ॲप्रन आणि हातमोजे, प्लेटला लांब दांडा, आणि बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाईवर येतात. मुलं आणि गरोदर बायका तिथे नकोतच.

मोबाइलमधल्या एआयला फिल्म दाखवली तर?

दाखवा, हौस म्हणून. त्याला घोडा लंगडताना दिसलेला नाही, क्ले भरली होती का हे माहीत नाही, आणि उत्तर मात्र तो ठामपणे देतो. तसे मित्र आपल्या तबेल्यात आधीच पुष्कळ असतात.

नालबंदाला रिपोर्ट दाखवायचा का?

रिपोर्टपेक्षा फिल्म दाखवा. लॅमिनायटिसमध्ये, म्हणजे हाडाला खुराच्या भिंतीशी जोडणाऱ्या थराच्या सुजेत, खुरातलं हाड किती कललंय, तळव्याची जाडी किती उरलीय, हे डोळ्यांनी पाहिल्यावर नालबंदाचा हात वेगळा चालतो. अशी फिल्म काढताना खुराच्या पुढच्या भिंतीवर, केसाळ कडेपासून खाली, एक सरळ तार चिकटवायला सांगा. भिंत आणि हाड यांतला कोन मग नालबंदालाही वाचता येतो.

फाइल्स किती दिवस सांभाळायच्या?

घोडा आहे तोवर. माझ्याकडे एकदा वादाची फिल्म आली होती: एका घोड्याच्या फेटलॉकमध्ये हाडाचा सुटा तुकडा, एक मत ताज्या फ्रॅक्चरचं, दुसरं जुन्या दोषाचं. ऑपरेशनची तारीख ठरली होती. मालकाच्या मुलाला आठवलं की दोन वर्षांपूर्वी खिळा लागला तेव्हा त्याच पायाची फिल्म काढली होती. माळ्यावर, खोगिराच्या खाली, पिवळ्या पाकिटात ती सापडली. तुकडा तेव्हाही तिथेच होता, तेवढाच.